थंडीतली डिझेल जीप आणि काढून फेकलेला थर्मोस्टेट वॉल

दिवाळी सरली की आमच्या कापडाच्या धंद्यात गरम मालाचा मोसम सुरू होतो. ऊसतोडीला जाणारे लोक टोळीबरोबर गाव सोडण्याआधी चादरी आणि ब्लँकेट घेऊन जातात. मागे राहणाऱ्यांची स्वेटर-शालींची खरेदी डिसेंबर-जानेवारीच्या आठवडी बाजारांत होते. म्हणजे वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा याच दोन-अडीच महिन्यांत पदरात पडतो. आणि जुनी डिझेल जीप रुसते तीही नेमकी याच दिवसांत! बाजारात पाल ठोकायला मोक्याची जागा पहिल्या येणाऱ्याला मिळते. फजरची नमाज आटोपून निघालेला माणूस सेल्फ मारत तासभर बीडमध्येच अडकला, तर नेकनूरला पोचेपर्यंत त्याच्या वाट्याला गटाराकडेची जागा उरते. हे आम्ही ऐकीव सांगत नाही, भोगलेले सांगतो.

आमच्या बालाघाटाच्या भागात काही बर्फ पडत नाही. पहाटेचा पारा दहा-बारा अंशांवर येतो, एखाद्या लाटेत त्याच्याही खाली जातो, इतकेच. तेव्हा एवढ्या थंडीत इंजिनला काय होणार, असे कोणीही विचारेल. चांगल्या इंजिनला काहीच होत नाही, हे खरे आहे. पण आपल्याकडच्या जुन्या गाड्यांना थंडी बाधते ती बहुतेक आपणच करून ठेवलेल्या एका गोष्टीमुळे. तीच आज सांगायची आहे.

आधी गाड्या कोणत्या, ते सांगतो. एक म्हणजे महिंद्राच्या जुन्या जीप. (ही कंपनी १९४५ साली लुधियान्यात ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने निघाली होती आणि १९४८ मध्ये तिचे आजचे नाव झाले. ज्या गावाहून आमचे स्वेटर येतात तेच हे गाव, म्हणून लक्षात राहिले.) यांपैकी अनेकींत फ्रान्सच्या प्युजो कंपनीच्या बनावटीचे डिझेल इंजिन आहे. दुसरी म्हणजे बजाज टेम्पोची, आताच्या फोर्सची, ट्रॅक्स. तिचे जुने इंजिन मर्सिडीजच्या परवान्याने पुण्यात बनत असे. बाजाराचे गठ्ठे, भाजी, वऱ्हाड, सगळे आपल्या जिल्ह्यात याच गाड्यांनी वाहिले. पुष्कळ भंगारात गेल्या, पण दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करून अजून चालणाऱ्याही कमी नाहीत. आमची जीप नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची आहे.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात माजलगावहून परतताना ही जीप तापली, रेडिएटरमधून वाफ निघाली. एका गॅरेजमध्ये दाखवली. उस्तादांनी इंजिनच्या डोक्यावरचे वाकडे नळकांडे खोलले, आतून पितळेची एक चकती काढली आणि आमच्या हातात दिली. “सेठ, ये वॉल ही झगडे की जड है, निकाल देतूं.” आम्ही होय म्हटले. गाडी त्या उन्हाळ्यात बरी चालली असे वाटले. ती चकती दुकानाच्या गल्ल्यात पडून राहिली.

मग थंडी आली. सकाळी गाडी पांढरा धूर ओकू लागली. तापमानाचा काटा मांजरसुंब्याचा घाट चढून वर आलो तरी जागचा हलेना, आणि उतार लागला की होता तोही खाली बसे. डिझेल जास्त लागू लागले. हे असेच दोन हिवाळे चालले. तिसऱ्या वर्षी गाडीचे कॉम्प्रेशन गेले आणि लायनर-पिस्टनचे काम निघाले. त्यात मोसमाच्या नफ्याचा चांगला लचका गेला. त्या वेळी एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या एका जाणत्या मेस्त्रीने आम्हाला विचारले, “याचा थर्मोस्टेट कुठे आहे?” आम्ही म्हटले, गल्ल्यात आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

थर्मोस्टेट वॉल म्हणजे पाण्याच्या वाटेवरचा दरवान. त्याच्या पोटात मेण भरलेली डबी असते. इंजिन थंड असताना तो रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवतो, म्हणून पाणी इंजिनमध्येच फिरत राहते आणि लवकर तापते. साधारण ऐंशी अंशांच्या वर पाणी गेले की मेण वितळून फुगते, दांडी सरकते आणि वाट उघडते. पाणी निवले की पुन्हा बंद. कोणत्या अंशाला उघडायचे ते बहुधा त्याच्यावरच कोरलेले असते, ८२ किंवा त्याच्या आसपासचा आकडा. वॉल काढला की पहिल्या क्षणापासून सगळे पाणी रेडिएटरमधून थंड होऊन येते. वरून पट्ट्यावरचा पंखा आणि समोरचा पहाटवारा. इंजिन गरम होणार कधी?

आता थंड इंजिन झिजते का, ते पाहू. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला वीस-बावीस पटीने दाबतो, दाबाने हवा पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. भिंती थंड असल्या तर ही उष्णता त्याच खाऊन टाकतात. सगळे डिझेल जळत नाही. न जळलेले काही पांढऱ्या धुरातून बाहेर जाते, तर काही लायनरवरून ओघळून ऑइलमध्ये उतरते. लायनरवरचा ऑइलचा पातळ थर धुऊन निघतो आणि रिंगा कोरड्या घासतात. शिवाय जळण्यातून झालेल्या पाण्याची वाफ थंड भिंतीवर जमून आम्लासारखी खाते. याची परीक्षा घरच्या घरी होते. ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल न घालता पातळी चढलेली असेल आणि वासाला डिझेल येत असेल, तर इंजिन थंड चालते आहे असे समजावे.

मग उन्हाळ्यात गाडी तापते ती का? आमच्या गाडीची खरी कारणे नंतर सापडली. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे घातल्याने रेडिएटरच्या नळ्यांत खडी धरली होती, पंख्याचा पट्टा ढिला होता, पंख्याभोवतीचे पत्र्याचे कवच कोणीतरी काढून ठेवले होते आणि झाकणाचे रबर गेले होते. या चार दोषांचा आळ एका निरपराध वॉलवर आला. कापड आटते म्हणून गजाची पट्टी मोडून टाकण्यासारखाच हा प्रकार. आणखी एक गोष्ट अनेक मेस्त्रींना माहीत नसते. काही इंजिनांत वॉल दुहेरी काम करतो. गरम झाल्यावर तो रेडिएटरची वाट उघडतो, त्याच वेळी आतली आडवाट बंद करतो. अशा इंजिनातून वॉल काढला तर आडवाट कायमची उघडी राहते, बरेचसे पाणी रेडिएटरला न जाताच परत फिरते आणि उन्हाळ्यात गाडी उलट जास्त तापते.

वॉल चांगला आहे की नाही हे पाहायला गॅरेजची गरज नाही. तो दोऱ्याने बांधून पाण्याच्या पातेल्यात लटकवावा, बुडाला टेकू देऊ नये, आणि पाणी तापवावे. उकळी येण्याच्या बऱ्याच आधी तो उघडायला लागला पाहिजे, आणि पाणी निवल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. गल्ल्यातला आमचा वॉल या परीक्षेत उत्तीर्ण झाला! इतकी वर्षे तो बिचारा सुट्या पैशांत नोकरी करत होता. मिटत नसेल तर नवा आणावा, काही शे रुपयांची वस्तू आहे. बसवताना मेणाची डबी इंजिनकडे असावी आणि चकतीत हवा सुटण्यासाठी बारीक भोक असेल ते वरच्या बाजूला यावे. गॅस्केट नवे घालावे. रेडिएटर आधी साफ करून घ्यावा आणि मगच वॉल घालावा. उलट केले तर उन्हाळ्यात पुन्हा तोच तमाशा होईल. पाण्यात कूलंट मिसळावे. आपल्याकडे पाणी गोठत नाही हे खरे, पण कूलंटने गंज आणि खडी थांबते, पाणी उशिरा उकळते.

वॉल बसवल्यावर आमच्या गाडीचा काटा पालीच्या अलीकडेच मधोमध येऊ लागला. तोच काटा पूर्वी घाट संपेपर्यंत झोपलेला असे.

दुसरी गोष्ट हीटर प्लगची. प्युजो आणि मर्सिडीज घराण्यातल्या या जुन्या इंजिनांत डिझेल थेट पिस्टनवर न पडता आधी वरच्या एका छोट्या कोठडीत पेटते. या कोठडीच्या भिंती थंडीत हवेची उष्णता चटकन शोषतात, म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक विजेचा हीटर प्लग दिलेला असतो. त्याचे टोक लालबुंद होते. (ज्या नव्या पद्धतीच्या इंजिनांत डिझेल थेट पिस्टनवर फवारले जाते, ती थंडीत सोपी सुरू होतात आणि त्यांतल्या जुन्या गाड्यांना बहुधा प्लग नसतातच. उगाच शोधत बसू नये.) जुन्या घडणीच्या प्लगांना तापायला पंधरा-वीस सेकंद लागतात. आपला ड्रायव्हर किल्ली फिरवतो आणि लगेच सेल्फ मारतो, हा निम्मा रोग आहे.

चारपैकी एक-दोन प्लग जळालेले असले तरी उन्हाळ्यात कळत नाही. थंडीत मात्र गाडी आधी दोन सिलिंडरवर लंगडत उठते आणि पांढरा धूर काढते. परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून प्लगांवरच्या वायरी सोडाव्यात. टेस्ट लॅम्पचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरे एकेका प्लगच्या डोक्याला लावावे. दिवा लागला तर प्लग जिवंत आहे, न लागला तर मेलेला. काही फार जुन्या इंजिनांत प्लग माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. तिथे एक गेला की सगळे बंद. प्लग चांगले असून तापत नसतील तर रिले किंवा वायर पाहावी. प्लग बदलताना चारही एकाच जातीचे घालावेत. पैसे वाचवायला दोन जुने, दोन नवे असा हिशेब करू नये.

बॅटरीचे सांगायचे तर थंडीत तिची ताकद कमी होते आणि नेमके त्याच वेळी जड ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. टर्मिनल घासून व्हॅसलीन लावणे आणि चेसिसला जाणारी अर्थिंगची जाड पट्टी तपासणे, एवढ्याने अर्धे काम होते. ऑइल मल्टिग्रेड घ्यावे. डब्यावर १५डब्ल्यू-४० असे लिहिलेले असते. त्यातला डब्ल्यू हिवाळ्याचा, आणि त्याच्याआधीचा आकडा जितका लहान तितके ऑइल थंडीत पातळ राहते.

काही घरगुती इलाज आम्ही पाहिले आहेत, त्यांपासून दूर राहावे. डिझेलमध्ये बुडवलेली चिंधी पेटवून एअर फिल्टरच्या तोंडाशी धरणे हा त्यांतला सर्वांत वाईट. चिंधीचा जळता तुकडा आत गेला तर वॉल्व्ह आणि लायनरचा निकाल लागतो, आणि कापडाने भरलेल्या गाडीजवळ उघडी आग धरणाऱ्याला काय म्हणावे! स्टार्टिंगचा स्प्रे हीटर प्लग असलेल्या इंजिनात मारू नये, तापलेल्या प्लगवर त्याचा भडका उडतो. उकळते पाणी थंड इंजिनवर ओतू नये, ओतीव लोखंडाला तडा जातो.

गाडी सुरू झाली की दहा-पंधरा मिनिटे जागेवर गुरगुरत ठेवायची, हीही सवय चुकीची. रिकामे चालणारे डिझेल इंजिन फार थोडी उष्णता तयार करते. त्याने इंजिन तापत नाही, फक्त डिझेल ऑइलमध्ये उतरत राहते. ऑइलचा दिवा विझला, इंजिन सलग चालू लागले, की मिनिटाभरात निघावे. पहिले चार-पाच किलोमीटर हळू आणि जोर न देता चालवावे. भार पडला की इंजिन तापते. काटा हलल्यावर मग घाटाला भिडावे.

रेडिएटरसमोर पोते बांधण्याची जुनी पद्धत आहे. ती वाईट नाही, पण वॉल जागेवर असेल तर तिची गरज फारशी पडत नाही. बांधायचेच तर रेडिएटरच्या पुढच्या अंगाला, निम्म्या उंचीपर्यंत, आणि चारही कोपरे घट्ट. आमच्या धंद्यातले म्हणून सांगतो, यासाठी मऊ कापड वापरू नये. ते वाऱ्याने फुगते, सुटते आणि पट्ट्यात गुंतते. जाड कॅनव्हास किंवा ताडपत्रीच घ्यावी. ऊन चढले की काढावी, आणि घाटाच्या पायथ्याशी तर न चुकता काढावी.

डिझेल गोठण्याची भीती आपल्याकडे बाळगू नये. लडाखमध्ये ते खरोखर गोठते. डिझेलमधले मेण धरते आणि फिल्टर बंद पडतो. तिथल्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरात उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास डिझेल आणले, आणि ते बनते पानिपतच्या रिफायनरीत. म्हणजे ज्या गावचे ब्लँकेट आम्ही विकतो, त्याच गावाने डिझेललाही थंडीचा बंदोबस्त करून दिला. बीडच्या गाडीला सकाळी डिझेल पोचत नसेल तर मेण शोधू नये, पाइपाने हवा कुठे धरली ते शोधावे.

आता गाडीत बसणाऱ्याच्या थंडीकडे वळू. इथे प्रश्न नुसत्या आरामाचा नाही. काही वर्षांपूर्वी दूरच्या एका बाजाराला आम्ही आदल्या रात्रीच माल पाठवला होता. राखणीला दुकानातला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा जीपमध्ये झोपला. ताडपत्रीची हूड, चारही पडदे सोडलेले. त्याने चहावाल्याकडून निखारे मागून घेतले आणि पत्र्याच्या डब्यात ते गठ्ठ्यांशेजारी ठेवून अंगावर दोन ब्लँकेट ओढली. पहाटे आम्ही दुसऱ्या गाडीने पोचलो. हाका मारल्या, उत्तर नाही. पडदा वर केला तर मुलगा अर्धवट शुद्धीत, तोंडाशी उलटी. बाहेर मोकळ्या हवेत आणून दवाखान्यात नेला. देवाची मेहरबानी, वाचला. पण डोके दोन दिवस दुखत होते. अर्धा तास उशीर झाला असता तर त्याच्या आईला आम्ही कोणते तोंड दाखवले असते?

कोळशाचा हा वायू, कार्बन मोनॉक्साइड, डोळ्याला दिसत नाही, नाकाला कळत नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो आणि माणसाला झोप येते आहे असेच वाटते. निखारे लाल दिसत असले, धूर नसला, तरी हा वायू निघतच असतो. बंद गाडीत, बंद शटरच्या दुकानात शेगडी ठेवू नये. गाडीचा धूरही आत येऊ देऊ नये. यातली एक मेख पुष्कळांना ठाऊक नाही. पुढचे पडदे बंद आणि मागचा पडदा उघडा ठेवून गाडी चालवली तर मागे हवेचा पोकळ भोवरा तयार होतो आणि सायलेन्सरचा धूर मागून आत ओढला जातो. म्हणून मागचा पडदा आधी बंद करावा. हवा हवी असेल तर पुढची काच थोडी उघडावी. सायलेन्सरच्या जोडांतून धूर गळत असेल तर थंडीआधीच वेल्डिंग करून घ्यावे.

गाडी आतून गरम ठेवण्याचा खरा उपाय म्हणजे इंजिनचे पाणी. डिझेलमधून मिळणाऱ्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश पाण्याबरोबर वाहून जाते. आपल्या बाजूच्या जुन्या जीपना हीटर सहसा नसतो, पण भंगारात गेलेल्या कारचा हीटर, म्हणजे छोटा रेडिएटर आणि पंखा असलेला डबा, मिळाला तर डॅशखाली बसवता येतो. गरम पाणी इंजिनच्या डोक्यावरून, थर्मोस्टेटच्या अलीकडून घ्यावे. परतीचा पाइप वॉटर पंपाच्या ओढत्या बाजूला जोडावा. मध्ये एक कॉक घालावा. पाइप कूलंटचे उष्णता सोसणारे घ्यावेत, बागेचे नकोत. फुटला तर उकळते पाणी पायावर येते. बसवण्याआधी डब्यात पाण्याचा दाब देऊन गळती पाहावी. आणि थर्मोस्टेट नसेल तर हा सगळा खटाटोप करूच नये. हीटरमधून कोमट वारा येईल आणि माणूस म्हणेल, हीटर वाईट निघाला.

हीटर नसला तरी वारा अडवून पुष्कळ काम होते. पुढच्या पत्र्याला वायरी आणि पेडलसाठी जी भोके असतात ती रबराने बुजवावीत. त्यांतून थंडीही येते आणि धूरही. हुडाला आतून अस्तर लावायचे तर लोकरीचे जाड घोंगडे किंवा नमदा लावावा. स्वस्त म्हणून ॲक्रिलिकचे ब्लँकेट लावू नये. ते आगीला लवकर बळी पडते आणि वितळून अंगाला चिकटते. लोकर जळायला नाखूश असते, ठिणगी पडली तर बहुधा तिथेच विझते. पायाखालच्या पत्र्यावर, जिथे सायलेन्सर खालून जातो, तिथे कोणतेच कापड अंथरू नये. तिथे जाड रबर मॅट पुरे.

फेब्रुवारी संपला की हीटरचा कॉक बंद करावा, पण डबा काढून ठेवू नये. एप्रिल-मेच्या घाटात काटा वर चढू लागला तर कॉक उघडून हीटरचा पंखा पूर्ण सुरू करावा. बसणाऱ्याला घाम फुटेल, पण इंजिनला दुसरा छोटा रेडिएटर मिळाल्यासारखे होते आणि घाट पार होतो.